हरिओमचा टाक

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

सोमवार, ४ नोव्हेंबर

पुण्याहून आलेलं सामान : पत्र्याची पेटी १. लाकडी स्पीकर १, धान्याच्या कोठीएवढा, दोघांना उचलत नाही. वायरींच्या गुंडाळ्या गोणीभर. मखमली डब्यात माईक १, जसा काही सोन्याचा दागिना. पाकिटात पत्र आणि पेन ड्राइव्ह.

खर्च : ट्रान्सपोर्ट ६४०. बीडहून पालीपर्यंत टमटम २००, तो अडीचशे म्हणत होता. हमाली ५०. ही द्यावी लागली नसती, पण अंजूचे पप्पा मेंढरांमागे होते आणि सासऱ्यांनी सामानाला हात लावला नाही. बाजेवर पाठ करून बसले ते हमाल जाईपर्यंत.

हरिओमला, माझ्या धाकट्या दिराला, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. एवढे दिवस त्याच्या पुण्याच्या खोलीचं भाडं मित्र भरत होते, आता खोली सोडली. पत्र प्रविण नावाच्या मित्राचं आहे. हा त्यांच्या बँडात ढोल वाजवायचा. अंजू म्हणते ढोल नाही आई, ड्रम. अक्षर चांगलं आहे. लिहितो, "वहिनी, हरिओम घरातलं फक्त तुमचं नाव घ्यायचा. पेन ड्राइव्हमध्ये आमची सगळी गाणी आहेत, बाबांना ऐकवा. त्याची ती हाक अजून नवी पोरं काढून बघतात. कुणाच्या गळ्यात बसत नाही."

पेटीवर पांढऱ्या रंगात बँडचं नाव इंग्रजीत लिहिलं आहे. अंजूने वाचलं, सिंदफणा. आपली बिंदुसरा जिला जाऊन मिळते ती. नदीचं नाव पुण्यात नेऊन काय केलं, कोण जाणे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पेटी उघडली. सगळे कपडे काळे. संक्रांतीलासुद्धा माणूस एवढं काळं घालत नाही. बनियनांवर छातीभर माणसाची कवटी, एकावर कवटीतून साप निघालेला. देवाधर्माच्या घरात हे कुठं वाळत घालू? पण कापड दणकट आहे, टाकवत नाही. उलटे करून घातले की कवटी आत जाते. अंजूच्या पप्पांना चार झाले. बूट जाड तळाचे आहेत, बाभळीचा काटा आत जाणार नाही. तेही त्यांनाच.

संध्याकाळी उलटा बनियन आणि ते बूट घालून मेंढरांमागून आले तेव्हा शेजारच्या बायनाबाईने विचारलं, "काय रं लखन, मिलिट्रीत भरती झालास का?"

पेटीच्या तळाला भंडाऱ्याची पुडी निघाली. हरिओम पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा घरी आला होता, तेव्हा मी बांधून दिलेली. दोरा माझ्याच हातचा, पिवळा. पुडी अर्धी संपलेली. पुण्यात भंडारा कशाला लागत होता त्याला? नुसता उधळून वाया घातला नसला म्हणजे बरं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज विषय काढला. काढायला नको होता की आधीच काढायला हवा होता, कळत नाही.

चंपाषष्ठी सात डिसेंबरला आहे. त्याआधी देव उजळायला सोनाराकडे न्यायचे. हरिओमचं वर्षही तेव्हाच येतं. घरातलं माणूस गेलं की वर्ष झाल्यावर त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, ही आमच्या घरची रीत. सासूबाई आहेत, आजेसासरे आहेत घोड्यावर, त्यांचा लहानपणी गेलेला भाऊसुद्धा आहे. रोज सकाळी मीच सगळ्यांना पाणी घालते.

सासरे जेवून उठल्यावर मी म्हटलं, "मामा, हरिओमचा टाक यंदा करायचा ना?"

"कोनाचा?"

"हरिओमचा."

"देवात बसनारं मानूस घरचं लागतं."

"घरचाच हाय की. तुमच्या पोटचा."

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "मी हाळी दिली तवा त्यानं ओ दिली न्हाई. ओ न देता गेलेल्याला देवात कावून बसवू? आवाज मेंढरांचा व्हता. यानं बाजारात नेला."

अंजूचे पप्पा मध्ये पडले, "आप्पा, मेलेल्या मानसाशी कसला राग धरता?"

"तू गप बे. तुझ्या हाळीला तर बकरूबी मान वळवत न्हाई."

विषय मिटला. ते उठून वाघरीकडे गेले, मेंढरं जाळीत बसली होती तिथं जाऊन उभे राहिले.

मला काळजी वेगळीच आहे. हरिओमचं लग्न झालं नाही. मागं बायको नाही, लेकरू नाही. त्याला पाणी कोण देणार? देवात बसला तर रोज माझ्या हातचं मिळेल. नाही बसला तर वाऱ्यावरच राहणार. सासरे नाही म्हणत असताना चोरून टाक करता येत नाही, देव घरातल्या मोठ्या माणसाच्याच हातून बसतो. मार्तंडा, तूच बघ.

रविवार, १० नोव्हेंबर

आज काही विशेष नाही. तेल आणलं, साबण आणला. तरी लिहायला बसले, कारण परवापासून ते जुनंच डोळ्यापुढं आहे.

दहावीची परीक्षा देऊन मी या घरात आले तेव्हा हरिओम शाळेत जायचा, सदऱ्याला बटण नसायचं. मी पहिलं काम केलं असेल तर त्याची बटणं लावली. रिकामा रांजण दिसला की त्यात तोंड घालून ओरडायचा. मी म्हणायची, रांजण फुटंल मेल्या. तो म्हणायचा, "वैनी, ऐक तर, आवाज मोठा हून परत येतोय." मग मलाही डोकं घालून ऐकायला लावायचा. कुंभाराचा रांजण, पण घुमायचा असा की मंदिराचा गाभारा. घसा बसला की माझ्याकडे येऊन मुकाट्याने पेला पुढं करायचा, हळदीचं दूध दे म्हणून.

शाळा सुटली की त्याचं काम बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीवर. अर्धा कळप घेऊन तो इकडे, उरलेला घेऊन सासरे पलीकडे घाटाच्या चढावर. दिवस कलला की सासरे हाळी द्यायचे. उजवा हात कानामागे, तोंड आभाळाकडे. त्या हाळीत शब्द नाहीत, कागदावर लिहिता येत नाही. खालून सुरू व्हायची, चढत जायची, वर गेल्यावर कापड टरकावं तशी फाटायची आणि मग लांबच लांब उतरायची. इकडून हरिओम ओ द्यायचा. आखूड, दोनदा. ओ आली की सासऱ्यांना कळायचं, पोरगं सलामत, कळप सलामत. मग दोन्हीकडची मेंढरं आपोआप घराकडे वळायची. मी चूल पेटवायची ती ओ ऐकून. घड्याळ लागायचं नाही.

हरिओम मोठा झाला तसा तोही हाळी द्यायला लागला. पालीतली म्हातारी माणसं म्हणायची, बापाची हाळी डोंगर चढते, लेकाची डोंगर उतरून पलीकडं जाते. सासरे तोंडावर काही म्हणायचे नाहीत. पण पाहुणे आले की उगाच म्हणायचे, "हरिओम, मेंढरं लांब गेली वाटतं, बोलव बरं." मेंढरं दारातच असायची.

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात सासऱ्यांनी चढावरून हाळी दिली आणि ओ आली नाही. परत दिली. दिवस मावळेपर्यंत देत होते. हाळी चढायची, फाटायची, उतरायची आणि मग नुसती शांतता. धरणाच्या भिंतीवर मेंढरं एकटीच उभी होती. पोरगं दुपारच्या एसटीने पुण्याला गेलतं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सापडली, की मला कॉलेज करायचं आहे, गायचं आहे, समोर सांगितलं तर आप्पा जाऊ देणार नाहीत.

नंतर सणासुदीला यायचा. केस खांद्यावर, हातात कडी. बापलेक एका पंगतीला बसायचे पण बोलणं माझ्यामार्फत. "त्याला मीठ पायजे का इचार." "आप्पांना सांग, नको." मीठ मध्ये माझ्या हातात.

गेल्या वर्षी पुण्याहून फोन आला की छातीत दुखून गेला. त्या दिवसापासून सासऱ्यांनी हाळी दिलेली नाही. अंजूचे पप्पा शिट्ट्या मारून, खडे मारून कसाबसा कळप आणतात.

मंगळवार, १२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

उपास. शेंगदाणे घरचे, भगर विकतची.

अंजूला म्हटलं, काकाचं एखादं गाणं लाव, बघू तरी. मोबाईलवर लावलं. पत्र्यावर गारा पडाव्यात आणि त्यात कुणीतरी माणूस सापडावा तसं वाटलं. लगेच बंद करायला लावलं. एकादशीला कानावर असलं नको. प्रविणला काय कळवायचं? बाबांना ऐकवा म्हणतो. मलाच ऐकवेना.

स्पीकर मात्र पडून राहिला तर उंदीर वायरी खातील. बीडचा आदिनाथ, मंडप-डीजेवाला, ओळखीचा आहे, त्याला बोलावलंय. हरिओमच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाचा खर्च निघाला तर निघाला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिते, पण मला नीट उमगलेलं नाही.

आदिनाथ चारच्या सुमाराला आला. स्पीकरला चार बाजूंनी हात फिरवला. "माल एक नंबर हाय वैनी. पण वाजवून बघितल्याशिवाय भाव करत न्हाई." अंजूने पेन ड्राइव्ह जोडून दिला. अंगणात स्पीकर, तोंड धरणाकडे. मी आधीच सांगितलं, मला नका बसवू, आणि आत जाऊन दोन्ही कानांत बोटं घालून नामस्मरण करत बसले. तरी भिंतीवरची भांडी थरथरत होती. बोटं अशी घट्ट धरली की नखं टोचली.

काही वेळाने भांडी थांबली. बोटं काढून बाहेर येते तर अंगणात मेंढरं! सगळा कळप. धरणाखालच्या पडीक रानातून निघून, बायनाबाईच्या ज्वारीतून सरळ आमच्या दारात. एकमेकीच्या अंगावर चढत होती, म्हातारी कानतुटकी मेंढी तर स्पीकरच्या जाळीला तोंड लावून उभी. मागून अंजूचे पप्पा धापा टाकत, उलटा बनियन घामानं भिजलेला. "काय केलं बे आदिनाथ? माजी मेंढरं भडकवली!"

"मी कुठं काय केलं? गानं लावलं."

"गानं न्हवं ते, भूत हाय! किती आवाज दिले, एकबी थांबली न्हाई."

आदिनाथ हसायला लागला, पण भाव करायच्या वेळी तोंड पाडलं. म्हणाला, "वैनी, स्पीकरात बिघाड हाय. मधीच बंद पडतो. गडी वरडला की एकदम चिडीचूप. मग आपोआप चालू. दोनदा लावून बघितलं, त्याच जागी बंद. दुरुस्तीला जाईल तेवढ्यात नवा येतो." आणि गाडीला किक मारून गेला.

सासरे बाजेवर होते. या सगळ्या गोंधळात ते जागचे हलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. मी म्हटलं आवाजाने डोकं दुखलं असेल. बाम दिला तर घेतला नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी बायनाबाई कमरेला पदर खोचून दारात. "उज्ज्वले, माज्या ज्वारीत सडक केली ना तुज्या मेंढरांनी! आता तिथून ट्रॅक्टर नेते का?"

मी म्हटलं, "बायनाबाई, आवाजाला घाबरली मुकी जनावरं. किती खाल्लं ते सांगा, भरून देते."

"खाल्लं असतं तर भांडले असते. एक पान तोडलेलं न्हाई! हिरवीगार ज्वारी सोडून कुठं निघाली व्हती? दारात लगीन व्हतं का?"

बाजेवरून सासऱ्यांनी मान उचलली. "एकीनंबी तोंड घातलं न्हाई?"

"न्हाई आबा. आईच्यान. नुसते खूर."

ते काठी घेऊन उठले आणि बायनाबाईबरोबर तिच्या रानात गेले. कोवळी ज्वारी मेंढराला बाधते, म्हणून काळजीने बघायला गेले असतील. पण बराच वेळ तिथं उभे होते. मी दारातून बघत होते. ज्वारीत मधोमध पडलेली वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला आमचं अंगण.

बायनाबाईला तासभर भांडता आलं नाही म्हणून तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग चहा घेऊन गेली.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. घाबरलेलं जनावर आवाजापासून लांब पळतं. ही आवाजाकडे आली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उन्हं उतरत होती. मेंढरं नुकतीच वाघरीत घातली होती. सासरे बाजेवरून उठले आणि स्पीकरपाशी पोत्यावर येऊन बसले.

"अंजे, ते लाव."

"काय आबा?"

"परवा लावलं व्हतं ते. मेंढरं आली तेवढंच. बाकीचं नको."

मी भांडी घेऊन आत निघाले. "सूनबाई, तूबी बस. अन् कानातली बोटं काढ."

बसले. अंजूने मोबाईलवर पुढं मागं करून जागा शोधली. ढमढम सुरू झालं, तारा करवादल्या. मनात जप चालू ठेवला. आणि मग सगळं एकदम थांबलं. एकटा आवाज उरला. खालून निघाला, चढला, वर गेल्यावर फाटला, आणि लांबच लांब उतरत गेला.

मी चटकन सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

जाळीतली मेंढरं उठून उभी राहिली. एकेक करून सगळी, तोंडं आमच्याकडे.

मग काहीच नाही. स्पीकर मुका. अंजू म्हणाली, "हितंच बंद पडतं आबा. आदिनाथकाका म्हणले बिघाड हाय."

"बिघाड न्हाई." ते जमिनीकडे बघत होते. "ओ द्यायला जागा सोडली हाय."

अंजूचे पप्पा वाघरीच्या खुंटीपाशी हातात दोरी धरून तसेच उभे.

"परत लाव."

परत तेच. ढमढम, तारा, थांबणं, हाळी. ती उतरत उतरत संपली आणि सासऱ्यांनी उजवा हात कानामागे नेला. आवाज आधी निघालाच नाही. मग निघाला, चिरका, वर्षभर न वापरलेला. आखूड, दोनदा. हरिओम धरणावरून द्यायचा ती ओ. दुसरी ओ संपते न संपते तोच स्पीकरातला ढोल धडाडून सुरू झाला. जसं काही ती सगळी पोरं तिकडे श्वास धरून थांबली होती.

मी चहा केला. साखर दोनदा पडली हे पिताना कळलं. सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. "चढ माझ्यासारकाच हाय," म्हणाले. "उतार माझ्यापेक्षा लांब हाय. लई दम हाय पोराला."

हाय म्हणाले. व्हता म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "मामा, प्रविणनं लिवलंय, नव्या पोरांना ही हाक येत न्हाई म्हणून."

"कशी येईल? मेंढरं राखलीत का त्यांनी?" थोडं थांबून म्हणाले, "अन् मागं पत्रे बडवतो त्यो कोन?"

"त्योच प्रविण."

"त्याला कळव, ओ झाल्यावर दम धर म्हनावं. लगीच बडवू नको. मेंढरं वळायला येळ लागतो."

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून आलो. शाळेत रांग होती, ऊन लागलं.

सकाळी सासऱ्यांनी चढावर जाऊन हाळी दिली. मी चुलीपुढं होते. भाकरी करपली, पण कुणी काही म्हणालं नाही. एका भाकरीचं पीठ वाया गेलेलं मी पहिल्यांदाच इथं खर्चात धरत नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

काल सकाळी सासरे आपणहून म्हणाले, "सूनबाई, सोनाराकडं कवा जायचं?" मी देवाला नमस्कार करून आले आणि म्हटलं, उद्याच. मग बाहेर अंजूच्या पप्पांना सांगायला गेले तर सासरे आधीच त्यांना गाडी विचारत होते.

बीडला गेलो. देव उजळायला दिले. सोनाराने वीराचा ठसा काढला, घोडा, वर वीर, उजव्या हातात तलवार. आमच्या आजेसासऱ्यांचा टाक त्याच ठशाचा आहे.

सासरे म्हणाले, "घोडा नको. पोरगं एसटीनं गेलं."

"मग कसा करायचा, हरिबा?" सोनार सासऱ्यांना नावानंच हाक मारतो.

"हुबा. तोंड उघडं."

सोनाराने चष्मा काढला. "टाकातले सगळे मिटल्या तोंडाचे असत्यात. माझ्या आज्यापासून उघड्या तोंडाचा देव केला न्हाई."

"मग ह्याच्यापासून कर."

सोनार म्हणाला, ठसा चालणार नाही, हातानं उठवावा लागेल, मजुरी जास्त पडेल. मी तोंड उघडलं होतं भाव करायला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मिटलं.

मी सोबत मखमली डबा नेला होता. सोनाराने माईक हातात घेऊन फिरवून बघितला आणि कागदावर चित्र काढलं. मी म्हटलं, ही तर कुल्फी दिसती. सासरे हसले. मोठ्यांदा. दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मग सोनाराने वर जाळी काढली, खाली वायर काढली, तेव्हा माईक दिसायला लागला.

अडलं ते हातापाशी. सोनार म्हणाला, वीराच्या उजव्या हातात शस्त्र असतं, तेव्हा माईक उजव्यात देतो. सासरे म्हणाले, "उजवा हात कानावर. हाळी देताना उजवा कानावरच असतो. माईक डाव्यात."

मी म्हटलं, "पण मामा, तो तिकडं कोणत्या हातात धरायचा?"

सासरे अंजूच्या पप्पांकडे वळले. अंजूच्या पप्पांनी खाली बघितलं. इतकी वर्षं पोरगं गात होतं आणि आमच्यातल्या एकानंही त्याला गाताना बघितलेलं नाही.

अंजूने तिथंच मोबाईलवर शोधलं. कुठल्या कॉलेजातला एक व्हिडिओ सापडला, अंधारातून, लांबून काढलेला. केस दिसतात, दिव्यांचा लाल उजेड दिसतो. पण हाळीची वेळ आली की पुढची सगळी पोरं हात वर करतात, आणि त्या हातांमागे हरिओम दिसतच नाही. नुसता ऐकू येतो. सासऱ्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. हाळी संपून खालच्या पोरांची ओ आली की दर वेळी त्यांची मान हलायची.

सोनार म्हणाला, चांदीवर एकदा हात उठला की बदलता येत नाही. विचारून सांगा, मी थांबतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

अंजू म्हणते फोन कर आई, दोन मिनिटांचं काम. पण सासऱ्यांना कागदावर हवं आहे, सोनारापुढे ठेवायला. खाली पत्राचा कच्चा मसुदा लिहिते, उद्या स्पीड पोस्टाने टाकीन.

चि. प्रविण यास उज्ज्वलावहिनीचा आशीर्वाद.

सामान सगळं नीट पोचलं. कपडे वापरात आहेत. स्पीकर विकला नाही आणि विकणार नाही, त्यात काही बिघाड नाही. तुम्ही लिहिलं होतं तसं बाबांना ऐकवलं. त्यांचा तुम्हाला निरोप आहे की ओ झाल्यावर लगेच वाजवू नये, थोडा दम धरावा. राग मानू नका, बाकी तुमचं वाजवणं त्यांना चांगलं वाटलं असावं, कारण परत लाव म्हणतात.

पेटीत माझ्या हातची भंडाऱ्याची पुडी मिळाली, अर्धी संपलेली. गायला जाण्याआधी तो कपाळाला लावत असेल असं आता मनात येतं. तसं असेल तर लिहा. सोबत नवी पुडी पाठवत आहे. तुम्ही मित्र वाजवायला बसाल तेव्हा लावा.

चंपाषष्ठीला हरिओम आमच्या देवात बसतो आहे. बाबा स्वतः बसवणार आहेत. तुम्ही सगळ्यांनी यावं. बीडला उतरून पालीची कोणतीही गाडी धरा, हरिबाचं घर म्हटलं की लहान लेकरू दाखवील. वांग्याचं भरीत आणि रोडगा आहे, केसांची लाज धरू नका.

एकच काम अडलं आहे. टाकात त्याचं तोंड उघडं करायचं ठरलं, माईकही ठरला. स्टेजवर ती हाक मारताना त्याचा उजवा हात कानामागे असायचा का? आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. तुम्ही त्याच्या पाठीमागे बसत होता, तुम्हाला रोज दिसत असेल. सोनार हात थांबवून बसला आहे आणि बाबा रोज टपालाची वाट बघतील. माईक डाव्या हातात की उजव्या, एवढं उलट टपाली कळवावं.